दोन थापा

पन्नाशीच्या दशकात बदलापुरात ज्युदो जाणणारा मी एकटाच होतो, म्हणजे माझं ज्ञान तपासणारं कोणी नव्हतं. सगळी विद्या मुंबईच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकातली. त्यात दोन जपानी गृहस्थ अतिशय सभ्य चेहऱ्याने एकमेकांना आपटत. दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी बेलवलीच्या व्यायामशाळेत भाताच्या पेंढ्यावर ताडपत्री ताणून चार-पाच जणांना ती चित्रं करून दाखवायची, असा माझा क्रम होता.

ज्युदोत समोरच्याचा अंगरखा धरून डाव टाकतात. साध्या सदऱ्यांच्या चिंध्या व्हायला लागल्या, तेव्हा जाड कापडाचे अंगरखे शिवून घ्यायला मी उल्हासनगरच्या कँपातल्या एका सिंधी शिंप्याकडे गेलो. शिंपी म्हणून मी त्याला 'मास्टर' म्हणायचो, शिकवतो म्हणून तो मला 'मास्टर' म्हणायचा. दोघांपैकी एकालाच आपलं काम येत होतं.

"कोट घालून कुस्ती? फिर तो ये हमारा मलाखडा हुआ, मास्टर!" तो म्हणाला. कमरेला कापड बांधायचं आणि तेच धरून एकमेकांना पाडायचं, ही कुस्ती तो सिंधमध्ये लहानपणापासून खेळला होता. मी त्याला व्यायामशाळेत बोलावलं. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला तीनदा पाडलं आणि तिन्ही वेळा हात देऊन उठवलं. मी त्याला खाली पडल्यावर हात अडकवायचे डाव शिकवले आणि नियमही सांगितला. "सहन होईना की दोनदा थापटायचं. समोरच्याने तिथल्या तिथे सोडायचं."

"दो बार," तो म्हणाला. "अच्छा है. इज्जतवाला खेल है."

व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभाला कारखान्याचे मोठे साहेब अध्यक्ष होते. त्यांना हार घालण्यातच अर्धा तास गेला. मग चिटणीसांनी कर्ण्यावरून माझी ओळख 'ज्युदोविशारद' अशी करून दिली. ही पदवी त्यांनी जागच्या जागी तयार केली होती. मी ती नाकारली नाही.

शिंप्याची आणि माझी सलामी झाली आणि पुढच्या क्षणी मी पाठीवर होतो. साहेबांच्या पत्नी हसल्या.

"विशारद गेले की हो!" हेंद्रेपाड्याचा एक शेतकरी ओरडला. "उठवा त्यांना, पेंढ्यात झोप लागंल!"

नेहमीप्रमाणे शिंपी मला उठवायला वाकला. त्याने पुढे केलेला उजवा हात मी धरला, त्याच्या गळ्यावरून पाय टाकला, त्याला खाली ओढलं आणि कोपर उलटं ताणलं. त्याने माझ्या मांडीवर दोनदा थापटलं.

आखाड्यात वाढलेल्या लोकांना मांडीवरची थाप एकच माहीत, आव्हानाची. मांडी कोणाची, हे लांबून कळत नव्हतं. "शड्डू ठोकतोय! सोडू नका!" कोणीतरी ओरडलं. मला मात्र दोन्ही थापा नीट कळल्या होत्या. त्या शिकवल्याच मी होत्या. मी आणखी ताणलं. कोपरातला आवाज फक्त आम्हा दोघांना ऐकू आला. बाकीचे टाळ्या वाजवत होते.

साहेबांनी चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, "मला वाटलं, शड्डू ठोकला." ज्युदोविशारदाचं हे कारण सगळ्यांना पटलं.

कँपात जायला मी आठ दिवस लावले. दुकानात त्याची बायको मशीनवर बसली होती. तो फळीपाशी उभा राहून डाव्या हाताने कात्री चालवायला शिकत होता. कापड कापलं न जाता कात्रीत दुमडत होतं. उजवा हात पट्ट्यांत होता. तो आता पुरता सरळ होणार नाही, असं हाडवैद्याने सांगितलं होतं.

मी माफीची वाक्यं घोकून गेलो होतो. ती तोंडातून निघायच्या आत त्यानेच विचारलं, "मास्टर, एक बात बताओ. दो बार था, के तीन बार? घरवाली बोलती है, तुमने जानबूझके नहीं छोडा. मैं बोलता हूँ, मेरीच गलती झाली असेल."

मशीन थांबलं. बायको माझ्याकडे पाहत होती.

"तीन," मी म्हणालो.

"देखा?" तो तिला म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. त्याने तिला माझ्यासाठी चहा करायला पाठवलं. ती गेली, चहा घेऊन आली, आणि मी तो प्यायलो.