बद्द वाजणारा रुपया

आमच्या आळीत रुपया खरा की खोटा, याचा निकाल माझ्या आजीचा कान देत असे. आजी म्हणजे वडिलांची आई. डहाणूच्या मासळी बाजारात तिने उभा जन्म काढला होता. ओले हात, गर्दी, गिऱ्हाइकाची घाई, त्यात नाण्याचा छाप कोण निरखत बसणार? बायका रुपया दगडावर टाकत आणि ऐकत. खणकन वाजला तर कनवटीला, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात परत. ज्यांना स्वतःच्या कानाची खात्री नसे, त्या संध्याकाळी आमच्या पडवीत येत. आजी मसाला वाटायच्या पाट्यावर रुपया टाकी, मान जराशी कलती करी आणि म्हणे, "खरा." किंवा म्हणे, "बद्द." त्यावर अपील नव्हतं.

माझ्या आईचा रुपया याच पाट्यावर बद्द वाजला होता.

आई वरोरची. तिच्या वडिलांकडे होडी होती, पण अर्धी. उरलेली अर्धी भावकीची. लग्नात, आमच्या दारच्या मांडवात, त्यांनी लेकीच्या ओटीत नारळाबरोबर एक राणीछाप रुपया घातला. आजीने तो सवयीने उचलला आणि वऱ्हाडासमोर पाट्यावर टाकला. तो लाकडाच्या ढलपीसारखा पडला. "बद्द," आजी म्हणाली. आईचे वडील मान खाली घालून उभे राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. गप्प राहिले म्हणजे कबूल केलं, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या वर्षी ते वारले. ज्याने लेकीच्या ओटीत खोटा रुपया घातला तो माणूस, एवढीच त्यांची ओळख आमच्या घरात उरली. भाताला मीठ कमी पडलं तरी वरोरचा तो रुपया निघायचा.

लक्ष्मीपूजनाला घरातले चांदीचे रुपये चिंच आणि राखेने घासायचे, दुधाने धुवायचे आणि ताटात मांडायचे, हे सुनेचं काम. आई घरच्या रुपयांबरोबर आपलाही घासायची, तेवढाच लख्ख करायची आणि ताटात ठेवायची. आजी यायची, तो एकच उचलायची आणि खिडकीत ठेवायची. दर दिवाळीला हेच. मला आजीपेक्षा आईचाच जास्त राग यायचा.

"कशाला ठेवतंस गं, आये? परत उचलणारच हाय ती."

"उचलायचं काम तिचं. ठेवायचं माजं."

पुढे नवे पैसे सुरू झाले. ती हलकी नाणी पाट्यावर टाकली तर सगळी सारखीच टिणटिणत. आजीच्या कानाला काम उरलं नाही, पण त्याचा दरारा तसाच राहिला. मी तोवर शिकून तलासरीला शाळामास्तरीण झाले होते. आठवड्याच्या बाजारात एक म्हातारा सोनार गोणपाट पसरून बसायचा. रुपयांना कड्या लावून त्यांच्या माळा ओवून देणं हा त्याचा धंदा. एकदा एक बाई आपल्या माळेतला एक रुपया मोडायला घेऊन आली. सोनाराने कडी काढली, रुपया दगडावर टाकला, आणि तो बद्द वाजला. मी विचारलं, "बाबा, खोटा निघाला का हो?"

"खोटा कशाला? मीच दिलेला हाय. डाख देऊन कडी झाळलेला रुपया कधी वाजतो का, मास्तरीणबाई?"

मी तिथेच उन्हात उभी राहिले. माझ्या कानात आजीचं ते "बद्द" घुमत होतं. आईला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. माझा अंदाज फसला असता तर तिला तेच दुखणं दुसऱ्यांदा दिल्यासारखं झालं असतं. पण हा निकाल फिरवायचा, हे मी ठरवलं. सवाल एवढाच होता की आजीच्या वरचं कोर्ट कोणतं?

पहिलं कोर्ट डहाणूचा सराफ. रजेच्या दिवशी आईला घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने काय केलं असेल? दगडावर रुपया टाकला! मग कसोटीवर कड घासली आणि म्हणाला, "चांदी आहे. पण रुपया म्हणून मी शब्द देणार नाही. छिन्नीने कापून आत बघू द्या, मग सांगतो." आईने त्याच्या हातातून रुपया काढून घेतला. "खरा हाय का बघायला तोडून टाकायचा? मग खरा निघून माजा काय उपेग?" सराफ हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही, आणि आईचा प्रश्न त्याच्या तराजूपेक्षा चोख वाटला.

मग मी मुंबईच्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं. उत्तर छापील कागदावर आलं. नाणं रजिस्टर पार्सलने पाठवावं, फी आगाऊ भरावी, पाहणीला महिना-दोन महिने लागतील, तोवर नाणं आमच्याकडे राहील. मी ते आईला वाचून दाखवलं. कागद इतका रुबाबदार होता की माझं मन वळलं होतं, हे कबूल करते. आईचं वळलं नाही. "माजा रुपया एकटा मुंबईला नाय जायचा. परत येईल तो तोच कशावरून?" हा प्रश्न शिकलेल्या मला सुचला नव्हता. वाटेत बदललेल्या रुपयाला कोणी खरा म्हटलं असतं, तर आम्ही त्याचं काय करणार होतो?

उरले बोर्डीचे एक शेठ. चिकूच्या वाडीचे पारशी मालक, वयस्कर, एकटे. जुन्या नाण्यांचा त्यांना नाद होता आणि ते विकत नसत, फक्त जमवत. मी निरोप धाडला. उलट निरोप आला: दिवसा या, ऊन असेल तेव्हा, तुमच्यासमोर बघेन, नाणं माझ्याकडे ठेवणार नाही, पैसे घेणार नाही. मला आणखी काय हवं होतं? ज्याला आपला रुपया घ्यायचाही नाही आणि तोडायचाही नाही, तोच खरा पारखी, असं मी आईला सांगितलं.

जायच्या दिवशी सकाळी मी अंगणात आले, तर आई चिंचेचा गोळा घेऊन बसली होती. मोठ्या माणसाकडे जायचं म्हणून तिने रुपया मन लावून घासला होता. राणीचं नाकसुद्धा चमकत होतं. मीही कौतुकाने म्हटलं, "छान झालाय." मास्तरीण असून मला अक्कल नव्हती.

शेठनी पडवीतल्या खुर्चीत बसून डोळ्याला भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बाई, आ शुं कर्युं? केवढा घासला हा!"

आई घाबरली नाही. "दर दिवाळीला घासते. एक वरीस चुकवला नाय."

शेठ उठले. आतून त्यांनी मखमलीच्या खणांची पेटी आणली. त्यात तसाच राणीछाप रुपया होता, पण काळसर, धुरकट. तो त्यांनी आईच्या रुपयाशेजारी ठेवला. दोन्ही काट्यावर चढवले, राणीच्या डोक्यावरचे केस जुळवले, कडेच्या बारीक रेघा उन्हात फिरवून पाहिल्या. मी म्हटलं, "वाजवून नाही बघणार?" ते म्हणाले, "वाजवायचं बाजारात, दीकरी. घाई असते तिथे." मग एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"खरा आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के खरा. इथे वरती बघ, कडी झाळलेली होती. कोणीतरी कानशीने काढली. म्हणून वाजत नसणार. हा रुपया कोणाच्या तरी गळ्यात होता."

माझा अंदाज खरा ठरला होता आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी आईकडे पाहिलं. ती त्या बोटाखालच्या जागेकडे बघत होती.

"माज्या आयच्या गळ्यात होता," ती म्हणाली. "मी तिच्या मांडीवर बसून वढायची. ती गेली तवा बापूस बोलला, माळ मोडली, रिणात गेली. हा एक ठेवला होता त्याने. माज्यासाठी."

तेव्हा कुठे मला त्या माणसाची खाली घातलेली मान कळली. मेलेल्या बायकोच्या गळ्यातला रुपया कानशीने सुटा करून लेकीला दिला, हे भर मांडवात कोण सांगेल? आणि खोटा म्हणवून घेतलं तरी सांगितलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

शेठ बिचारे आपल्या शास्त्राला धरून होते. मी लेखी मागितलं तर त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि वाचूनही दाखवली: राणीछाप रुपया, खरा, वजन ठीक, कडी काढलेला, फार घासलेला, संग्रहाच्या लायक नाही. त्यांच्या वहीत नाण्यांच्या चार प्रतवाऱ्या होत्या, कोऱ्यापासून झिजलेल्यापर्यंत. आमचा चौथीतही बसत नव्हता. "घासला नसतास, तर या पेटीत शोभला असता," ते हळहळून म्हणाले.

"घासला नसता तर काळा पडला असता, शेठ," आई म्हणाली. "काळा रुपया मी लक्ष्मीपुढे कोणत्या तोंडाने ठेवला असता?"

चिठ्ठी मी पर्समध्ये जपून ठेवली. एसटीत आईला तलासरीच्या सोनाराचं सांगितलं आणि म्हटलं, दिवाळीला ही आजीसमोर वाचून दाखवते, सगळ्या आळीसमोर. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कागद नको. कागदाने तिला काय कळणार? ती कानाची माणूस हाय."

त्या लक्ष्मीपूजनाला आईने रुपये घासले, धुतले, मांडले. आपलाही मांडला. आजी नेहमीप्रमाणे काठी टेकत आली आणि तिने हात पुढे केला. आईने तिच्याआधी रुपया उचलला, पाटा ओढला आणि सगळ्यांसमोर त्यावर टाकला. तोच आवाज. माझे वडील, काकू, शेजारणी, सगळे पाट्याकडे बघायला लागले.

"ऐकलात?" आई म्हणाली. "ही माज्या आयच्या गळ्यातली कडी काढल्याची खूण हाय. कडी झाळलेला खरा रुपया असाच वाजतो. तलासरीच्या सोनाराला इचारा, बोर्डीच्या शेठला इचारा. माजा बापूस खोटा नव्हता."

आजी काठीवर वाकली. तिने मान कलती केली, तशीच, निकाल देण्याआधी करायची तशी. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने आईला विनंती केली.

"परत एकदा टाक बघू."

"नाय," आई म्हणाली आणि रुपया ताटात ठेवला, मधोमध. "माज्या लग्नात एकदाच टाकला होता. तवा तुमाला एकदाच पुरला."