बटणबाई

हे नाव मीच ठेवलं आणि बघता बघता ते शाळाभर झालं. अपंग मुलांसाठी म्हणून आमच्याकडे जिन्याजवळची खोली दिलीय, तिथे ती शिकवते. कायम कुठल्यातरी यंत्राची वायर तोंडात धरून बाकांखाली रांगत असायची. "बटणबाई, चहा घेतेस का?" म्हटलं की म्हणायची, "थांब गं, हे आधी बोलू दे."

हे म्हणजे टॅब. तिच्याकडे चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी आहे. बोलता येत नाही, मान ठरत नाही, हात भलतीकडे जातात. समजतं मात्र सगळं. आमच्या हेडमास्तरांपेक्षा जास्तच, असं मी म्हणायचे. टॅबवर चित्रांची बटणं होती. दाबलं की बटणबाईच्या आवाजात शब्द ऐकू यायचा. मुलीची आई म्हणाली, आधी 'आई' शिकवा. साहजिकच आहे. पण बटणबाईने हट्टाने 'नको' आधी घेतलं. मला म्हणाली, "आई तिच्या डोळ्यांतून कळते गं. नको कुणालाच कळत नाही. कुणीही येतं, तोंड पुसतं, उचलतं, फिरवतं." मुलीचा हात आपसूक जिथे पडायचा त्या डाव्या कोपऱ्यात तिने ते बटण बसवलं. मुलगी काही बघून दाबत नसे. हाताला जागा पाठ व्हायला हवी होती. त्यात अख्खं वर्ष गेलं.

पहिलं 'नको' तिने बटणबाईलाच ऐकवलं, वेणी घालताना. ही कंगवा टाकून थेट माझ्या वर्गात, चालू तासाला. मी चिडणार होते, पण तिचं तोंड बघून खडू खाली ठेवला.

पायांचा व्यायाम घ्यायला एक ताई येतात. आखडलेले पाय ताणायचे म्हणजे दुखणारच, आणि ताणले नाहीत तर आणखी आखडणार. पण टॅब 'नको' म्हणाला की ताई थांबायच्या, पोरीला दम खाऊ द्यायच्या, मग पुन्हा धरायच्या. एवढंच. तेवढ्यावर तिचं रडणं थांबलं होतं.

मग बटणबाईच्या सासूबाई आजारी पडल्या, ती रजेवर गेली आणि नेमकी तपासणी लागली. आमचे कॉम्प्युटरचे सर भला माणूस, पण आवराआवरीचा रोग. पुसलेला फळा पुन्हा पुसतील. टॅबवरची वेडीवाकडी बटणं बघून त्यांना राहवलं नाही. बिचाऱ्याने जीव लावून ती ओळीत मांडली. पाहुण्यांसमोर 'नको' कशाला, म्हणून ते पार शेवटी नेलं. डाव्या कोपऱ्यात आलं 'आणखी'.

मी भिंतीपलीकडे शिकवत होते. "आणखी, आणखी" असा बटणबाईचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आली वाटतं परत. तास संपवून गेले तर पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि ताई घामाघूम होऊन पाय ताणत होत्या. पोरीचं तोंड रडून लाल झालं होतं. "रडतेय, पण माघार नाही," ताई कौतुकाने म्हणाल्या.

बटणबाई आली आणि तिने टॅब बघितला. सरांनी हात जोडले. मला मात्र त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. तिने बटणं होती तिथे लावली. पण मुलीने मुठी वळून छातीशी धरल्या, त्या काही सोडेना. बटणबाई रोज टॅब घेऊन समोर बसते. सत्र संपत आलं. परवा आई म्हणाली, "बाई, राहू द्या आता. घरी डोळ्यांनी सांगायची, तेही बंद केलंय तिने."

काल ताई आल्या. मुलीसमोर वाकून त्यांनी विचारलं, "करायचं ना?" मुलगी भिंतीकडे बघत राहिली. ताईंनी वाट बघितली, खरंच बघितली. मग म्हणाल्या, "नको म्हणत नाहीये," आणि पाय धरला.

बटणबाईने पुढे होऊन स्वतःच कोपरा दाबला. तिच्याच आवाजात टॅब म्हणाला, "नको."

"तुम्ही दाबून कसं चालेल?" ताई म्हणाल्या आणि पाय ताणायला लागल्या.