ओवाळून होईपर्यंतचा श्वास

मी वारलो त्या दिवशी घरी जमलेल्या सगळ्यांना चहा मीच करून दिला. साखर थोडी कमी पडली, तर शेजारच्या काकूंनी (ज्या जरा वेळापूर्वी माझ्या नावानं पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या) कपाकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला खरंच मेल्यासारखं झालं.

या सगळ्याचं मूळ ट्रम्पेट.

सानगडीला माझ्या मामाची बँड पार्टी आहे. मामाच्या बँडची एक रीत आहे. नवरदेव मांडवाच्या दारात आला आणि नवरीची आई त्याला ओवाळायला लागली, की बाकीची वाद्यं थांबतात आणि एकटं ट्रम्पेट एकच सूर धरतं. ओवाळून होईपर्यंत तो सूर तुटायचा नाही. तुटला, तर वरपक्ष शिट्ट्या मारतो. आजवर तुटला नव्हता. पण ऐन लग्नसराईत मामाचा ट्रम्पेटवाला नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात निघून गेला, आणि पुढचं लग्न होतं आसगावच्या आमच्या आत्याच्या मुलीचं.

वरपक्षाला डीजे हवा होता. आत्या बँडवर अडून बसली. शेवटी असं ठरलं, की डीजेची गाडी मांडवाबाहेर तयार उभी राहील. ट्रम्पेटचा सूर तुटला, की डीजे सुरू. मग मामाच्या बँडनं गप गाशा गुंडाळायचा, आणि तालुक्यात पुढं त्याला कोणी विचारणार नव्हतं.

मामाचा फोन आला. "सुधाकर, तू सुट्टीत यायचा तवा ट्रम्पेट वाजवे ना?"

"मामाजी, तवा मले मिशी नव्हती."

"आता हाय ना? मंग ये."

मी मुळात अस्वस्थ जीव. चहा उकळेपर्यंत मला धीर निघत नाही, झाकण उघडून चार वेळा बघतो. रेल्वे फाटक बंद असलं, की मोटरसायकलवर बसल्याबसल्या माझा पाय हलत राहतो. अशा माणसाला लांब श्वास शिकवायचा होता! सानगडीला जाऊन मी ट्रम्पेट तोंडाला लावलं, आणि अंगणातली शेळी उठून उभी राहिली.

मामा म्हणाला, "खांदे काहून उचलून राहिला? श्वास खांद्यात राहते काय? पोटात भर."

"पोटात जागा नाई ना मामाजी, आताच जेवलो."

मामानं घरी करायचा सराव सांगितला आणि हात जोडले. मामानं हात जोडलेले मला सहन होत नाहीत. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून वराती दाखवल्या, त्याचा बँड माझ्यामुळं बसला असता, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

सराव सुरू झाला. पहिला धडा बादलीत नळी घालून बुडबुडे काढण्याचा. घरात रिकामी बादली एकच होती, आणि तीही रिकामी नव्हती. बायकोनं त्यात कपडे भिजवले होते. फेस न्हाणीतून निघून स्वयंपाकघरात पोचला. सुनंदा म्हणाली, "दुसऱ्याईचे नवरे दारू पिऊन येतेत. ते परवडते."

दुसरा धडा दात मिटून 'स्स्स' असा आवाज काढत हवा हळूहळू सोडायचा. हा मी कामावर करायला लागलो. वरठीच्या कारखान्यात मी ज्या भागात काम करतो तिथं हवेच्या दाबाचे पाइप आहेत. फिटर आला, कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कुठून तरी लीक हाय." त्यानं सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. मी गप्प झालो, की लीक थांबे. तो गेला, की सुरू होई. शेवटी लाइन बंद करून पाइप खोलले. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मीच त्याला पाना देत उभा राहिलो.

म्हणून तिसरा धडा सुट्टीच्या दिवशी, घरात. जमिनीवर उताणं झोपायचं. पोटावर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं धान ठेवायचं, म्हणजे पोट वर गेलेलं कळतं. हवा नाकातून गळू नये म्हणून नाकात कापसाचे बोळे. डोक्याशी एक दिवा, ज्याची ज्योत फुंकरीनं वाकली पाहिजे पण विझता कामा नये. डोळे मिटून, पोटभर श्वास भरून, जितका वेळ धरवेल तितका धरायचा. मध्ये काही झालं तरी उठायचं नाही, अशी मामाची ताकीद.

मी तसा झोपलो. आणि आसगावहून आत्या लग्नाचं आवतन द्यायला आली.

सुनंदा ओट्यावर कपाळाला हात लावून बसली होती. आत्यानं विचारलं, "काय झालं वं? सुधाकर कुठी हाय?"

"अंदर पडून हायेत. आता तुमीच पाहा आत्याबाई, मी तं थकली."

आत्या आत आली. भाचा खाली घेतलेला, नाकात कापूस, डोक्याशी दिवा. तिनं फोडलेला हंबरडा मला ऐकू आला. मला वाटलं, गल्लीतलं कोणी गेलं. वाईट वाटलं, पण श्वास अर्ध्यावर होता. सराव झाल्यावर जाऊन येऊ असं ठरवून मी पडून राहिलो.

"किती गुणाचा होता वं! कोणाले कदी वाकडा बोलला नाई! किती शांत जीव!"

एवढा गुणी माणूस आमच्या गल्लीत कोण, हे मला काही केल्या आठवेना. पावलांचे आवाज वाढले. कोणीतरी माझे पाय धरले. मग आत्या म्हणाली, "सुधाकरा रे!"

मी ताडकन उठून बसलो. धान सगळ्या खोलीभर सांडलं. दोन माणसं दारातून एकदम बाहेर पडताना अडकली.

तोवर कोणीतरी सानगडीला फोन करून टाकला होता. मामा आला तेव्हा मी चहा गाळत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या धानाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "पोटाले झटका देऊन उठला ना? तेच चूक हाय तुयी."

लग्नाचा दिवस आला. नवरदेव दारात, डीजेवाला बटणावर बोट ठेवून, आणि आत्याच्या हातात ताट. मी पोटभर श्वास घेतला आणि सूर धरला. आत्यानं टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. सूर तुटला नाही. मामाचा चेहरा उजळला. डीजेवाल्यानं बोट काढून घेतलं. मी सूर सोडणार, तेवढ्यात आत्या ताट घेऊन माझ्याकडे वळली.

"माह्या भाच्याच्या जिवावरचं टळलं," असं म्हणत ती मलाच ओवाळायला लागली. सावकाश, डोळे भरून. नियम तर नियम, ओवाळून होईपर्यंत सूर तुटायचा नाही! मामा डोळ्यांनी 'धर, धर' म्हणत होता. माझ्याजवळचा सगळा श्वास नवरदेवावर खर्च झाला होता. तरी मी धरला. तिनं ताट खाली घेतलं आणि मी पण खाली गेलो.

डोळे मिटलेले होते, पण कान जागे होते. माणसं धावली. कोणी पाणी आणा म्हणालं, कोणी डॉक्टर बोलवा म्हणालं. मी वाट पाहत होतो, आत्या आता परत माझे गुण सांगेल. मागच्या वेळी नीट ऐकायचे राहून गेले होते.

आत्यानं वाकून माझ्या नाकाशी हात धरला आणि सगळ्यांना म्हणाली, "काई नाई झालं त्याले. सराव करून राहिला. चला, जेवाले बसा."

आणि सगळे मला ओलांडून जेवायला गेले.