तात्यांची करपलेली ढेप

तात्यांना काही विचारायला गेलं की आपल्यालाच उत्तरं द्यावी लागत. "तात्या, रस किती वेळ उकळायचा?" असं विचारलं की ते म्हणत, "ऊस कुठल्या रानातला? पानी कवा दिलं व्हतं?" आणि मग ठरलेलं, "आन त्याच्या आदी काय?" पुण्याच्या प्राध्यापकांनीही मला कधी इतकं बोलतं केलं नाही.

तात्या इंदापूरचे. हंगामात पणदऱ्याला आमच्या गुऱ्हाळावर गुळवे म्हणून येत. रस आटवायची काहील कधी उतरवायची ते गुळव्यानं ठरवायचं. खाली चुलवाणात जाळ घालणारा जळव्या वेगळा. तात्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळत, ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकत आणि मान हलवत. त्यांची एकही काहील बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एकदा त्यांनी हात करून एस.टी. थांबवली. बसायचं नव्हतंच, पुढं बघून चालवताना मागचं कसं दिसतं, एवढंच ड्रायव्हरला विचारायचं होतं. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. तात्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि पुन्हा तेच विचारलं.

त्या वर्षी मी सुटीत आलो तो खिशात फॉर्म घेऊन. बी.कॉम.च्या उरलेल्या दोन वर्षांसाठी विशेष विषय निवडायचा होता. कारखान्यात चिकटता येईल म्हणून वडिलांना हिशेबशास्त्र हवं होतं. माझं मन सहकारावर बसलं होतं. परवानगी काढून दोन्ही घेता येत, पण एकात जरी गचकलो तरी नादारी, म्हणजे फीमाफी, बंद, आणि नादारी गेली की माझं कॉलेज संपलं. सोमवारी फॉर्म द्यायचा होता आणि मी गुऱ्हाळाभोवती घिरट्या घालत होतो.

तात्यांनी सगळं काढून घेतलंच. मग काहिलीकडं बघत म्हणाले, "म्हंजी गुळव्या आन जळव्या एकच मानूस. जमतं का रं तसं?"

"तेच कळत नाही, तात्या."

"मग बगू की."

त्यांनी जळव्याला भाकरी खायला पिटाळलं आणि काहील एकट्यानं चालवायला घेतली. खाली वाकून चिपाडं सारायची, धावत वर येऊन फेस बघायचा. पाऊणएक तास जमलं. शेवटी जाळ मंदावला म्हणून ते खाली गेले आणि नेमका तेव्हाच पाक चढला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. काळ्या ढेपा निघाल्या.

वडील बारामतीहून परतले तेव्हा तात्यांनी स्वतःच सांगितलं, "करपीवला मी." गावभर झालंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकच विषय घेतो, तात्या," मी म्हणालो. "बघितलं ना आपण."

"काय बगितलंस? जाळ आन पाक एकाच येळंला बोलावाय लागलं, म्हनून करपलं. तुजं दोन इषय एकाच येळंला उकळत्यात, का पाळीनं?"

महिनाभर काळजी करत होतो, पण कॉलेजात जाऊन एवढं विचारायचं सुचलं नव्हतं. सोमवारी पुण्यात आधी तेच विचारलं. सहकार बराचसा पहिल्या वर्षात उरकत होता, हिशेबशास्त्राचा खरा भार दुसऱ्यात. परीक्षांमध्येही आठ दिवसांचं अंतर. मी परवानगी काढली आणि दोन्ही विषय लिहून दिले.

दोन वर्षांनी निकाल लागला तसा थेट इंदापूरला गेलो. तात्या चैत्रातच गेल्याचं दारात कळलं. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाणी दिलं आणि विचारलं, "पास का नापास?"

"दोन्हीत पास."

त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेला गुळाचा खडा घेऊन आल्या. त्याच करपलेल्या ढेपेचा, काळा, दोन पावसाळ्यांत पाझरून मऊ पडलेला. "पास झाला तर ह्यो द्या, म्हनले व्हते."

"आणि नापास झालो असतो तर?" तात्यांची सवय मलाही लागली होती.

"मग चांगला पिवळा. त्यो बी बांदून ठिवलाय."

मला रडू आवरलं नाही. ओसरीवर बसून तो काळा खडा मी तोंडात घातला. चांगलाच कडू होता. सगळा खाल्ला.