काकूनं पुसलेली बंदूक

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास सौसरला आमच्या मोठ्या काकांकडे लायसनची बंदूक होती, संत्र्याच्या बगीच्यात डुकरं शिरायची म्हणून घेतलेली. तिला हे तेल लावून पुसायचं काम वर्षभर काकूकडे, कारण काकांना हात चिकट झालेले खपत नसत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बगीच्यात मित्र जमले की गडी मडक्यांच्या मातीच्या झाकण्या वर भिरकावायचा आणि काका त्या हवेतच फोडायला उभे राहायचे. "नळी लांब पायजे अन् एक डोळा गच्च मिटला पायजे, मंग नेम चुकतच नाही," असं ते त्या वर्षीही सांगत होते. पण हवेत एकही झाकणी फुटली नाही. फुटल्या त्या खाली आपटून. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली आणि काका तिच्यावर कडाडले, "तरीच! बाईचा हात लागला का बंदूक बिघडतेच. म्हणून नेम चुकून राह्यला!" आणि ते शिकलेसवरले मित्र खुशाल माना डोलवू लागले. "मंग काका, तुम्हीच का नाही पुसत?" हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण काकूनं माझा हात दाबला. संध्याकाळी तीच बंदूक काकांनी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवली आणि म्हणाले, "साफ करून ठेव." काकूनं ती उघडून पुसली, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि पुटपुटली, "नळी त सरळच हाये वं बाई." ती हे हळू बोलली, म्हणून मी आज मोठ्यानं सांगून राहिले.