मिरचीवालीचा कौल

आमचे वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. छातीत कळ आली की सोडा पिऊन पुन्हा निघायचे. एक दिवस स्टिअरिंगवरच गेले. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि पेडण्याच्या दवाखान्यात ईसीजी काढू लागले.

धारगळला रस्त्यावर मिरच्या विकणारी एक बाई प्रेशरच्या गोळ्यांना यायची. हृदय तपासूया म्हटलं की लगेच पाटी डोक्यावर घ्यायची. "जें दुखना, तें कित्याक सोदता? हांव देवाक विचारतां." जे दुखतच नाही ते शोधायचं कशाला, हा तिचा सवाल.

एकदा तिने खरंच, तपासून घेऊ का, असा देवळात कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन ती स्वतःच ईसीजीच्या खाटेवर आडवी झाली. "देवान आपलें सांगलें, बाय. आतां तूं तुजें सांग."

कागदावर हृदयावरचा ताण स्पष्ट उमटला. कधीच न दुखलेला तिचा आजार वेळेत सापडला.