हलकं अन्न

पत्नी गेली त्या हिवाळ्यात माझं पोट बिघडलं. दोन्ही गोष्टी एकामागून एक घडल्यामुळे सर्वांनी, माझ्यासकट, त्यांचा संबंध जोडून टाकला. नांदेडच्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिथे तास अर्धवट सोडून बाहेर जावं लागे. परतेपर्यंत वर्ग शांत बसलेला असे. ती शांतता मला गोंगाटापेक्षा अधिक लाजवी. पोट फुगे, वजन उतरत होतं, जिना चढताना धाप लागे. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंताच्या. तिसऱ्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि म्हणाले, "मन रमवा, सर. पोटात काही नाही."

मला ते पटलं. खरं तर ते मला हवंच होतं. ज्याला चारचौघांत रडता येत नाही, त्याला दुखण्याचा आधार वाटतो.

लातूरहून माझी थोरली बहीण, अक्का, महिन्याकाठी येई. "भाकरीला हात लावू नको आता," ती म्हणाली. "पोट हाय का जातं हाय ते? दुधात पोळी कुस्करून खा." ज्वारी जड आणि गहू हलका, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. ती असेपर्यंत रव्याची खीर, शेवया. जाताना डबाभर कणकेचे लाडू. आमचं बोलण्याचं नातं कधी नव्हतंच. तिने वाढावं, मी संपवावं, तिने रिकामं ताट पाहून समाधान पावावं. माझ्यासाठी गॅस पेटवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती आली की पोट अधिकच बिघडे; आनंदानेही बिघडत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिच्या नातवाच्या बारशाला निघालो, तेव्हा लोह्याजवळ एसटी थांबवावी लागली. अहमदपूरच्या अलीकडे पुन्हा विनवणी केली, तर कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट लातूरचं काढलंय का दर बाभळीचं?" गाडी हसली. मीही हसलो. त्यानंतर लातूरला गेलो नाही.

रक्तवाढीच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, हे पाहून पोटाच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय खाता?"

मी काहीशा अभिमानाने सांगितलं, "हलकंच. पोळी, रवा, टोस्ट, लाडू."

त्यांचं लिहिणं थांबलं. रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढला. निदान आलं: सिलियाक. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला सोसत नाही, त्याचं अस्तर झिजलं आहे. गहू कायमचा बंद, चमचाभरही नाही.

"आणि भाकरी?"

"भाकरीच खा."

पत्नी होती तोवर रोज भाकरीच खात होतो. ती गेल्यावर थापणारं कुणी नव्हतं, म्हणून पाव-टोस्टवर भागवू लागलो होतो. दुःखाने नव्हे, इतक्या साध्या कारणाने सारं घडलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रस्त्यावर आलो तेव्हा एकच भीती होती. अक्काचं अन्न नाकारलं, तर आम्हा दोघांत उरणार काय?

पत्नीच्या पुण्यस्मरणाला अक्का आली आणि तिने हुग्गी चढवली, कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर. पंगत बसण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं.

"प्रसादाला असलं काही नसतंय," ती म्हणाली. "एक घास घे. तिच्या नावाचा हाय."

"एक घासही चालत नाही, अक्का."

ती बराच वेळ डाव फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी तुला इतके दिस विषच चारत राहिले म्हण की."

"तुला कुठे ठाऊक होतं? मलाही नव्हतं."

"मी आले की जास्ती दुखतंय, हे तरी बोलायचं न्हाई का? रिकामा डबा देत गेलास, मी भरत गेले."

पंगतीत मी भाकरी आणि वरण घेऊन बसलो. हुग्गीचं पातेलं घेऊन ती माझ्या पानापुढून थांबल्याविना गेली. दोन दिवस राहणार होती, संध्याकाळच्याच गाडीने निघाली.

पुढच्या खेपेला ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, रिकाम्या हाताने. तिने भाकरी थापल्या, आम्ही जेवलो, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. हात मांडीवर ठेवून ती खुर्चीत बसून राहिली, परक्या घरी बसावं तशी. पोट आता दुखत नव्हतं, त्यामुळे विषयही नव्हता.

"सांजच्याला काय करतोस रे एकटा?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

"काही नाही. दिवा लावतो आणि बसतो. करमत नाही, अक्का."

"मला तरी कुठं करमतंय."

दोन सुना, नातवंडं. तिच्या घराबद्दल काही विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली.

"भरल्या घरात?" मी विचारलं, आणि ती हळूहळू सांगू लागली.